मॅडमनं मलेच सांगतलं होतं

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही, भाऊ. बायकोले बी नाही — ती गेली, तवाबी नाही. चौथी शिकलेला माणूस मी. लिहाले बसलो त हात अडते.

तसी गोष्ट आनंदाचीच आहे. माही नात चिनू आता अठराची झाली. स्कूटीवर मागं बसवते अन् ओरडते, "आबा, पकड़ के बैठो." तिच्याच जन्माची गोष्ट — मंग लपवली काहून?

रायपूर नवं-नवं राजधानी झालं होतं. सुनेचे दिवस भरत आले. पोरगा बीरगांवले ड्युटीवर, म्हणून सदर बाजारातल्या डॉक्टर मॅडमकडं तिले मीच नेलं. सोनोग्राफी झाली. सून बाथरूमले गेली, तशी मॅडम मले म्हणे, "बाबूजी, बच्चे का सिर बड़ा है, मुँह भी उलटी तरफ है. नॉर्मल मुश्किल लगता है. मैं ऑपरेशन का नाम लेती हूँ तो बहू रोने लगती है, पूरी बात नहीं सुनती. आप बड़े हो, आप समझा दो."

मोठा त होतोच मी. पण साऱ्या ब्राह्मणपाऱ्यात, आमच्या मोहल्ल्यात, सांगून बसलो होतो — आमच्या घरात कोण्या बाईचं पोट कापलं नाही, कापू देणार नाही. आता काय तोंड दाखवू?

बाहेर सुनेनं विचारलं, "बाबा, काय म्हणे मॅडम?"

"नॉर्मल होते म्हणे."

काय खुलली ती. ठेल्यावर दोन प्लेट गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खाल्ली, मलेबी खाऊ घातली.

मंग दिवसभर कळा — अन् संध्याकाळी ऑपरेशनच. चिनूचं रडणं पार रस्त्यावर ऐकू आलं. मी नाचलो, भाऊ. चौकीदाराले मिठी मारली.

चौथ्या दिवशी सून म्हणे, "मॅडम त नॉर्मल म्हणे न, बाबा? मले काहून फसवलं?"

सांगाचं होतं तवाच. मी काय बोललो? "घरी जायची घाई असन तिले."

बारशात हेच वाक्य बायकाबायकांत फिरलं. दोघीतिघींनी त्या मॅडमकडं जाणं सोडलं — माह्यासमोर ठरवलं. मी पेढा खाऊन राहिलो होतो. गोड लागला. खोटं काहून लिहू?

मागच्या महिन्यात सून अन् चिनूसंगं भाजीबाजारात गेलो, त मॅडम दिसली. केस पिकले. चिनूले पाहून चेहरा फुलला तिचा — "यही है न, उस दिन वाली?" सुनेनं पोरीचा हात ओढला. "चल बेटा. इन्हीं ने मुझसे झूठ बोला था."

मॅडम थबकली. मंग तिनं माह्याकडं पाहिलं.

मी खाली वाकून कांदे निवडत राहिलो.