झुंबरची पळती दिवटी

शेळगावच्या झुंबरला सावकाश चालणं ठाऊकच नव्हतं. बापाची मेंढरं गेली, वाट्याला पाटाच्या पाण्याची शेती आली, तरी हा गडी वांग्याच्या सरीतूनसुद्धा पळतच जायचा. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि मला हा माणूस फार आवडायचा.

बिरोबाच्या जत्रेला पेटती दिवटी घेऊन शेळगावातून कळंबला पळत जायचं आणि देवळातली समई लावायची, हा मान झुंबरच्या घराचा. एकोणीसशे पस्तीस साली समोरून वारं सुटलं आणि दिवटी वाटेत विझली. पुन्हा विझली, तर मान कायमचा कळंबच्या जोतीरामतात्यांच्या घरी जाणार होता. झुंबर आठ दिवस धड जेवला नाही.

मग त्यानं रॉकेलचा डबा कापून दिवटीला आवरण केलं. पुढं लहान तोंड, मध्ये फुगीर पोट, मागं निमुळतं भोक. पळताना वारा तोंडातून आत घुसे, रुंद पोटात दमे, जाळाला पोसे आणि तापून मागून सुसाट निघे. पण पहिल्या दिवशी वाऱ्याबरोबर ज्योतही मागून निघून गेली. बायको धोंडाबाई पोट धरून हसली. "अवो, चुलीला आडोसा लागतो. तुमच्या जाळाला नगं व्हय?"

त्यानं वातीपुढं खापराचा तुकडा बसवला. आता पळावं तितका जाळ भडकू लागला, डबा घुमू लागला. भाता नको, फुंकणी नको!

त्याच सुमारास परदेशात विमानासाठी अशाच इंजिनाची खटपट चालू होती, हे मी पुढं वाचलं. त्यातही पंखा नाही. वेगानंच हवा आत कोंबली जाते, दाबली जाते, तेल जळतं आणि मागून सुटणाऱ्या वायूच्या जोरावर विमान पुढं जातं. झुंबरच्या डब्यात तेवढा जोर कुठला, ढकलायला झुंबरच होता. खोड मात्र दोघांची एकच, थांबलं की संपलं.

ही खोड आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कळंबच्या वेशीवर दिवटीवाल्याला उभं करून पाय धुवायचे, भंडारा लावायचा, असा रिवाज. छत्तीस सालच्या जत्रेत, दुपार कलताना, झुंबर वेशीवर थांबला. समोर तांब्या घेऊन जोतीरामतात्याच उभे! उघडी दिवटी उभ्यानं जळते, डब्यातली गुदमरायला लागली. धूर सुटला, ज्योत बोटाएवढी झाली. झुंबरचं तोंड उतरलं. तात्यांनी नुसते सावकाश पाय धुतले असते, तरी मान त्यांच्या घरात आला असता.

"आरं इजंल ती!" तात्या ओरडले. "पळ की गाढवा! पाय मी मागनं धुतो!"

झुंबर सुटला. मागं साठीचे तात्या तांब्या घेऊन, त्यांच्यामागं भंडारा उधळत अख्खं कळंब आणि धोतराचा सोगा धरून मी. डबा पुन्हा घुमायला लागला. पाणी निम्मं रस्त्यावर आणि निम्मं तात्यांच्या धोतरावर सांडलं. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं, समई लागली, आणि झुंबर वळून तात्यांच्याच पाया पडला.

तात्यांना धापेनं बोलता येईना. त्यांनी त्याला उठवून छातीशी धरलं. "मान तुजाच हाय," ते कसंबसं म्हणाले, "पर पुढल्या वर्सी तांब्या दुसऱ्याला दे. मी दिवटीसंगं पळणार."