कर्णिक सिस्टरांचा पाट

कर्णिक सिस्टर गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने खोपोलीहून केला, तेव्हा मी कर्जतच्या आमच्या इस्पितळात ड्युटीवर होते. त्याला महिना होत आला. लिहायला हात आता कुठे उचलतो आहे...

म्हाताऱ्या पेशंटला घरी सोडण्याआधी त्याला स्वतःचं काय काय जमतं ते पाहून एक फॉर्म भरायचा असतो : आंघोळ, कपडे, संडास, चालणं. घरी सोबत लागेल की नाही, ते त्यावर ठरतं. हे काम मला सिस्टरांनी शिकवलं. विचारायचं नाही, पाहायचं, हा त्यांचा हेका. त्यासाठी घरून आणलेला लाकडी पाट त्या वॉर्डातल्या कपाटामागे ठेवत. कोंडाणे गावची एक आजी एकदा घरी जायला उतावीळ झाली होती. "मला काय बी झालं नाय, समदं माझं मी करते," म्हणत तिने वॉर्डभर चालून दाखवलं. मी फॉर्मवर खूण करणार, तोच सिस्टरांनी पाट मांडला. "बस गं आजी. भाकऱ्या झाल्या, आता चुलीपासून ऊठ." आजीला उठता येईना. दिवसा तिच्याजवळ कोण थांबणार हे सुनेशी बोलून ठरलं, मगच तिला सोडलं. मला मात्र सिस्टरांनी नंतर चांगलंच खडसावलं.

निवृत्तीनंतर सिस्टर दहिवलीत एकट्या राहत; पाट वॉर्डातच राहिला होता. न्यूमोनिया होऊन त्या आमच्याच वॉर्डात आल्या, बऱ्या झाल्या, आणि फॉर्म माझ्या हातात आला. त्यांना पाटावर बसवून उठायला सांगायचं? माझी जीभ रेटेना. मी नुसतं विचारलं. "सगळं जमतं गं," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. मी भराभर खुणा केल्या. भाची न्यायला तयार होती, तरी त्या एकट्याच घरी गेल्या.

पाचव्या दिवशी आंघोळीच्या पाटावरून उठताना त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भाचीने त्यांना खोपोलीला नेलं, तिथे जाऊन मी रडत माफी मागितली.

"मी खोटं बोलले, ते माझं म्हातारपण," त्या म्हणाल्या. "तू पाट काढला नाहीस, ते मात्र तुझं चुकलं."

त्यानंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. मी दिलेला मान त्यांना भोवला, हे मला जन्मभर सलणार आहे.

परवा एक निवृत्त हेडमास्तर घरी जायला निघाले होते. मी कपाटामागून पाट काढला तसे ते चिडले. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणाले.

"म्हणूनच, सर. बसा."

ते बसले. ते उठेपर्यंत मी नजर हलवली नाही.