कुलपातले नऊ शिकारी

तीन धडधाकट, नोकरदार माणसं दर रविवारी दुपारी टीव्हीपुढे बसून पिशाच्चं मारायला लागली की किस्से साठणारच. दारात चपला साठतात तसे. कुठला कुणाचा ते नंतर ओळखू येत नाही, पण असतात भरपूर! परवा बायको म्हणाली, "सगळ्यांना तेच तेच सांगत बसतोस, एकदाचं लिहून तरी काढ." म्हटलं, काढतो.

आधी माणसं. मी बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. निलेश त्याच कारखान्यात मेंटेनन्सला. गाव एडवण, घरची नारळ-केळीची वाडी. तिसरे गायकवाड साहेब, आमचे सेफ्टी ऑफिसर. मूळचे सोलापूरकडचे, इथे एकटेच राहतात, म्हणून रविवारी आमच्यात.

आता गेम. एक पडका किल्ला, त्यात रक्त पिणारा सरदार, आणि त्याला मारायला निघालेला शिकारी. सुरुवातीला शिकारी एकच मिळतो. बाकीचे नऊ कुलपात! पडद्यावर नुसत्या काळ्या सावल्या. काहीतरी अचाट पराक्रम केला की एकेकाचं कुलूप उघडतं. ते नऊच्या नऊ उघडायचे, एवढंच आमचं आयुष्यातलं ध्येय.

*

पहिलं कुलूप गायकवाड साहेबांनी उघडलं.

अट होती, अंगावर एकही वार न घेता पहिला मजला पार करायचा. निलेश आणि मी महिनाभर मरत होतो. साहेबांनी तोवर कंट्रोलर हातातसुद्धा धरला नव्हता. एका रविवारी म्हणाले, "बघू जरा."

आणि सुरुवात केली ती थेट इन्स्पेक्शनलाच! प्रत्येक जिन्यापाशी थांबायचे. "रेलिंग नाही." पुढे जायचे. "इथं उजेड कमी आहे." एक सांगाडा अंगावर धावून आला तर मागे सरकून त्याला आधी पूर्ण जाऊ दिला. "वाहतुकीला आधी वाट द्यायची."

जो मजला आम्ही पंधरा मिनिटांत करायचो, त्याला साहेबांनी अडीच तास घेतले. मध्ये दोनदा चहा झाला. निलेश बसल्या जागी झोपला. पण अंगावर ओरखडा नाही! कुलूप खटकन उघडलं, तसे साहेब उभे राहिले आणि कारखान्याच्या गेटवर लिहिलेलं असतं ते ओरडले,

"झिरो ॲक्सिडेंट!"

*

तिसऱ्या शिकाऱ्याच्या वेळी मात्र ॲक्सिडेंट झाला.

मोठं पिशाच्च शेवटच्या घटका मोजत होतं. निलेशनं तलवार उचलली, आणि टीव्ही बंद! पंखा बंद! स्वयंपाकघरात मनीषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चटणीसाठी मिक्सर लावला होता आणि फ्यूज उडाला होता.

मी तावातावानं आत गेलो. "दोन मिनिटं थांबता आलं नाही?"

मनीषा शांतपणे म्हणाली, "डोसे तुम्हीच मागितलेत ना?"

मी आधारासाठी बाहेर साहेबांकडे बघितलं. ते टीव्हीमागे वाकून वायरी मोजत होते. "एका सॉकेटवर चार पिना? वहिनींचं काही चुकलेलं नाही. चूक तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कारखान्याचा छापील फॉर्म होता. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद करायचा असतो तो. साहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"घटना: पिशाच्च निसटलं. कारण: चटणी."

*

आमच्या या शिकाऱ्यांची खरी नावं इतकी अवघड की जीभ अडकते. म्हणून आम्ही बारसं केलं. कंदीलवाला तो वॉचमन. मोठी टोपी घालून सगळ्यांवर डाफरणारा तो मुकादम.

एकदा निलेशची सुट्टी होती, म्हणून गेम त्याच्याकडे होता. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये होतो, तर त्याचा फोन. बसचा खडखडाट इतका की मला ओरडून बोलावं लागत होतं.

"काय? मुकादम मेला? ... अरे, काल तर चांगला होता! ... बरं, असू दे. त्याच्या जागी दुसरा घेऊ कुणीतरी!"

फोन ठेवला. बस एकदम गप्प झालेली. मला वाटलं, सकाळची वेळ आहे, लोकांना झोप येत असेल.

आमच्या कारखान्यात कंत्राटी कामगारांचे एकच मुकादम, रामसजीवन. भला माणूस. त्यांची सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळी ते नव्हतेच.

दुपारी कँटीनला गेलो तर सगळे हेल्मेट काढून, माना खाली घालून उभे! कोण गेलं ते विचारायचीही सोय नव्हती. मीही उभा राहिलो.

तेवढ्यात दार उघडलं आणि रामसजीवन आत आले. लोक उभे बघून त्यांनीही पटकन हेल्मेट काढलं, मान खाली घातली. थोड्या वेळानं शेजारच्याला हळूच विचारलं, "कौन गया, भैया?"

शेजाऱ्यानं डोळे न उघडता सांगितलं, "मुकादम।"

"अरेरे," म्हणाले, आणि पुन्हा मान खाली घातली.

मग सावकाश वर केली.

*

निलेशच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, हा गेम मुळीच आवडायचा नाही. एकदा आम्ही सगळं सामान एडवणला नेलं होतं. मावशींनी पडद्यावर सुळेवाला सरदार बघितला.

"यो कोन?"

"रक्त पितो, आई," निलेश म्हणाला.

"मंग त्याला आपल्या घरान कशाला आनलास?"

थोड्या वेळानं टीव्हीच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची लोंबकळत होती. मिरचीमागे पडद्याचा डावा कोपरा पार झाकला गेला. नेमका आमचा जीव किती उरलाय ते तिथंच दिसतं! ते दिसेना, त्यामुळे आम्ही घाबरलोच नाही, आणि दोन वर्षं अडलेला सातवा शिकारी त्याच संध्याकाळी उघडला.

साहेबांनी मावशींना वाकून नमस्कार केला.

*

आता बेटेगावचं.

निलेश चौतिसाचा झाला, तरी लग्न जमत नव्हतं. चार ठिकाणी तर मुलगा रविवारी व्हिडिओ गेम खेळतो हे कळल्यावरच नकार आला होता. तो दाखवायचा नाही, पण चौथ्या नकारानंतर दोन रविवार आला नव्हता. त्यामुळे बेटेगावला मुलगी बघायला निघताना मावशींनी गाडीतच बजावलं, "गेमाचा नाव काडायचा नाय!" मित्र म्हणून मीही सोबत होतो.

मुलगी सायली, पालघरच्या शाळेत गणित शिकवणारी. पोहे झाले, चहा झाला. तिच्या वडिलांनी विचारलं, "मग जावईबापू, आवड कशाची?"

"वाचनाची," निलेश म्हणाला.

"अरे वा! काय वाचता?"

मी रिकाम्या कपात बघायला लागलो, मावशी छताकडे बघायला लागल्या. निलेशची नजर सैरावैरा फिरत टीव्हीखालच्या कप्प्यावर गेली आणि तिथंच अडकली. तिथं कंट्रोलर होता, आणि शेजारी आमच्याच गेमची डबी.

"यो कोनाचा?" त्यानं विचारलं.

"माझा," सायली म्हणाली.

निलेश सगळं विसरला. "शिकारी किती उघडलेत?"

"आठ. तुमचे?"

"सात."

मावशींनी डोळे मिटून घेतले.

सायली म्हणाली, "नववा एकट्यानं उघडत नाही. दोघं लागतात. आमच्याकडे कुणी खेळतच नाही."

पुढच्या पाच मिनिटांत दोघं टीव्हीपुढे खाली बसले होते. मोठी माणसं सोफ्यावर. सायलीच्या आईनं एकदा विचारून बघितलं, "अगं, पसंत आहे का ते तरी सांग!"

"थांब ग आई, आधी पिशाच्च मरू दे!"

आणि नेमका निलेश पडला. सरदारानं त्याला भिंतीवर आपटला, तो उठेचना. सायलीनं आपली लढाई सोडली, धावत त्याच्याकडे गेली, वाकली. तिची जिवाची रेघ सरकन अर्धी झाली, आणि निलेश उठून उभा राहिला.

मावशी पुढे झुकून बघत होत्या. मला विचारलं, "काय केला रे तिना?"

"तो मेला होता, मावशी. तिनं आपलं अर्धं आयुष्य त्याला दिलं."

मावशींनी पदरानं डोळे टिपले आणि सायलीच्या आईला म्हणाल्या, "साखर आना, विहीनबाई."

साखरपुड्याच्या दिवशी सायली मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? दोघं जिवंत असल्याशिवाय नववा उघडतच नाही. म्हणून उठवलं होतं हो त्यांना!"

मी दचकलो. "हे मावशींना बोलली नाहीस ना?"

"कालच सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'मंग उघडला का?'"