चिंधूजी आणि मागची गाडी

बोरगाव मेघेचे चिंधूजी सत्तरीला टेकल्यावर धावायला लागले आणि त्याचा त्रास त्यांच्या गुडघ्यांपेक्षा शोभाबाईंना जास्त झाला.

चिंधूजींचा सारा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला. गावोगावच्या लोकांना त्यांनी घरी पोहोचवलं, पण स्वतः कधी बसमागेसुद्धा धावले नव्हते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा त्यांना कंटाळा. धावलं तर तेवढंच लवकर घरी येता येईल, असा विचार करून ते धावायला लागले. पुढे गोडी लागली, आणि घर मागे राहून रस्ता लांबत गेला.

आता आपल्याकडे म्हातारा माणूस उगाच धावत नसतो. धावला म्हणजे बैल सुटला, नाहीतर पोट बिघडलं, नाहीतर कुणीतरी गेलं. पहिल्या दोन गोष्टी लोकांनी तोंडावर विचारून पाहिल्या. चिंधूजी नुसता हात हलवून पुढे गेले, म्हणून लोकांनी तिसरी पक्की धरली. शोभाबाई अंगण झाडत होत्या, तर चार बाया डोक्यावर पदर घेऊन दारात हजर. एक तर गळ्यात पडून रडायलाच लागली.

"अवो, गेलं कोण?" शोभाबाईंनी घाबरून विचारलं.

"तेच तं तुले विचाराले आलो," ती हुंदका आवरत म्हणाली.

कुणीच गेलं नाही हे ठरेपर्यंत चहा झाला, पोहे झाले, आणि बाया थोड्या नाराज होऊनच घरी गेल्या. दुसऱ्या एका दिवशी एक शेतकरी काठी घेऊन चिंधूजींच्या बरोबरीनं धावला. "चोर कोणीकडे गेला, काका?" चोर नाहीच म्हटल्यावर गडी असा भडकला की जणू चिंधूजींनीच चोराला पळवून लावलं.

हे सगळं शोभाबाईंनी सोसलं. सोसलं नाही ते गेल्या वर्षीचं. सेलूचं एक तरुण मंडळ दरवर्षी दौड ठेवतं. गावातून निघायचं आणि शेतांमधून मोठा वळसा घेऊन परत गावातच यायचं. सगळ्यांच्या मागून मंडळाची एक छोटी मालवाहू गाडी हळूहळू येते. ती ज्याच्या पुढे गेली तो बाद, त्यानं मुकाट गाडीत बसायचं. गेल्या वर्षी वाटेतल्या प्रत्येक खेड्यात चिंधूजींचे जुने प्रवासी भेटले. कुणाचा पाणी घ्या म्हणून आग्रह, कुणाचा चहा. चहाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी ते त्या गाडीत पाण्याच्या कॅनांच्या मधोमध अंग चोरून बसून सेलूला आले, आणि मंडळाचा चंदन भोंग्यावरून ओरडत होता, "आपले ज्येष्ठ धावपटू गाडीतून येत आहेत, जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. शोभाबाई त्या गर्दीत उभ्या होत्या.

"एक डाव अजून," घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. "औंदा बी त्या गाडीत बसून आले, तं जोडे मले द्याचे. भंगारवाल्याले देऊन टाकीन. मंग धावनं बंद."

चिंधूजींनी तोऱ्यात हो म्हटलं आणि मग वर्षभर घाबरत राहिले. धावताना नेमकं काय वाटतं, ते त्यांना सांगता येत नसे. पण ते हातचं गेलं तर पहाटे उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांना खरोखर छळत होता.

यंदाच्या दौडीच्या आदल्या दिवशी शोभाबाई बहिणीकडे, कांताकडे गेल्या. कांताचं गाव दौडीच्याच रस्त्यालगत. तिथून त्या बसनं थेट सेलूला येणार होत्या. जोड्यांसाठी रिकामी पिशवीही त्यांनी सोबत नेली होती.

चिंधूजींनी यंदा कुणाकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून धावले. चहाच्या हाका आल्या, त्यांनी कान बंद केले. पण वय काही मान खाली घालून लपत नाही. सेलू जवळ आलं आणि पाय जड झाले. तिथून थेट दौड संपते त्या मैदानापर्यंत पाइपलाइनसाठी अर्धा रस्ता खोदलेला, एक गाडी आणि कडेनं एक माणूस जाईल एवढीच जागा उरलेली. मागून भोंगा जवळ येत होता. "चिंधूकाका, गाडीत जागा आहे!" चंदन प्रेमानं ओरडत होता.

तेवढ्यात बाजूच्या गावातून आलेली लाल बस वळणावर चिंधूजी आणि चंदनची गाडी यांच्या मध्ये घुसली.

बस रत्नदीप चालवत होता. नोकरीच्या सुरुवातीला तो चिंधूजींच्याच गाडीवर होता. आपला जुना कंडक्टर भर उन्हात जीव खाऊन धावतोय हे पाहून त्याचं काळीजच हललं. बसवाल्यांचा एक धर्म असतो, निवृत्त माणसाला रस्त्यावर सोडून जायचं नाही. त्यानं बस त्यांच्या बाजूला आणून त्यांच्याच चालीनं ठेवली. कंडक्टर मयुरीनं दार उघडलं.

"जय भीम काका! गाडी सुटली का तुमची? बसा!"

चिंधूजींना दम लागल्यामुळे बोलता येईना. त्यांनी मान हलवली. पण आपल्याकडे पहिल्या नाहीला नाही कोण समजतं?

"बसा ना जी, तिकीट नाई मागून राह्यली मी!"

पुन्हा मान हलली. आता अख्खी बस खिडक्यांना लोंबकळली. "बुढा घरून रागावून निघाला वाटते," एक जण म्हणाला. "उचलून घ्या त्याले अंदर!" दोघा तगड्या माणसांनी खरंच बाह्या सरसावल्या. ते पाहून चिंधूजींच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे, ते वेगानं सुटले. बस त्यांच्या सोबत. बसमागे चंदनची गाडी हॉर्नवर हॉर्न वाजवत, पण पुढे जायला जागाच नाही.

"काढू का गाडी पुढे?" रत्नदीपनं कंटाळून विचारलं. आतून कुणा बाईचा आवाज आला, "नोको काढू! पह्यले नाईच म्हणतात ते. आत्ता बसतीन, तू हळूच चालव."

अशा थाटात, शेजारी भरलेली बस घेऊन, चिंधूजी मैदानासमोरच्या शेवटच्या दोरीपार गेले. सगळ्यात शेवटी, पण मागच्या गाडीच्या पुढे.

ते जमिनीवर बसले. बस थांबली आणि दारातून पिशवी घेऊन शोभाबाई उतरल्या. मागोमाग मयुरी. "काकू, कमाल करता तुम्ही! आत्ता बसतीन म्हणू म्हणू पूर्ण रस्ता गाडी रेंगाळत आणाले लावली."

चिंधूजी बघतच राहिले. "तू होती अंदर? मंग सांगाचं ना त्याईले, का मी शर्यतीत आहो म्हून. बस निघून गेली असती."

"आन् मांगून कोण आलं असतं?" शोभाबाई म्हणाल्या.

चिंधूजींनी बसमागे अडकलेल्या चंदनच्या गाडीकडे पाहिलं, मग शोभाबाईंकडे. "तुले तं जोडे पाह्यजे होते ना?"

"होते पाह्यजे." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "पन गेल्या साली त्या गाडीतून उतरले, तवाचं तुमचं तोंड मले पुन्हा नाई पाहाचं."

चिंधूजींनी डोळे पुसले तेवढे. घाम गेला होता डोळ्यांत, असं ते अजूनही सांगतात, आणि आपण हो म्हणायचं.