एका सेकंदाचं शटर

दुरुस्तीवाल्या काकांनी जुन्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, शटरचा वेग एका सेकंदावर आणला आणि बटण दाबलं. शटर उघडलं ते उघडंच राहिलं. त्या भोकातून उजेड येतच राहिला.

"घेताना बघितलं नाहीत का?"

बघितलं होतं. तीस वर्षांपासूनच्या माझ्या मित्राने, मोहनने, विकताना तो चार-पाच वेळा खटाखट वाजवून दाखवला होता.

"वेगात छानच वाजतो," काका म्हणाले. "सावकाश चालवला की अडकतो. विकणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो वेगातच दाखवतो."

भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत मी कुणाला सोडलं नाही. प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून, भांडून घेतली आणि त्या जोरावरच आयुष्यात उभा राहिलो. मोहनने सांगितलेली किंमत मात्र तशीच दिली. मित्राच्या हातातली वस्तू तपासायची मला लाज वाटली. आता वाटतं, आमची मैत्रीही अशीच खटाखट चालली. लग्नं, सहली, पाठीवर थापा. एकमेकांपाशी सावकाश बसायची वेळ तीस वर्षांत आलीच नाही. आली असती, तर कदाचित तेव्हाच कळलं असतं.

"शटरची पाती साफ केली की चालेल," काका म्हणाले. "कॅमेरा चांगला आहे, खर्च करण्यासारखा. करू का?"

"नको," मी म्हणालो. "दुरुस्त झाला, तर मोहन म्हणेल, 'चालतोय की रे!' आणि मला गप्प बसावं लागेल."