शेळीच्या गळ्यातलं भजन

मांडवगणाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती, आणि वस्तीच्या माथ्यावर फॉरेस्टचं रान. कंबरभर गवत, बाभळी, आणि खाली नदीपर्यंत ऊस. उसात बिबटे राहायला लागल्यापासून एकटा माणूस गळ्यात स्पीकर अडकवूनच रानात जातो. आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही म्हणतात. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, दीर आबा म्हणतो, शेरडं चारायला जाताना एकच भजन मोठ्यानं लावायचे. त्यांना स्वतःला कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. डोकं उठायचं आमचं!

त्या सकाळी दोरीनं त्यांची मान काचली होती. मी वैतागून म्हटलं, "द्या इकडं," आणि स्पीकर पुढं चालणाऱ्या तांबड्या शेळीच्या गळ्यात बांधला. "आता हिलाच फिरवू द्या तुमचं भजन." मामा हसले. मी धुण्याला लागले आणि विसरूनही गेले.

दुपारी फॉरेस्ट पेटलं. कुणी बिडी टाकली का आणखी काही, देवाला ठाऊक. सगळी वस्ती कडुलिंबाचे डहाळे मोडून धावली. टँकरला चढ चढवेना. आम्ही ओळीनं गवत झोडपत होतो आणि विझवलेलं पाठीमागं पुन्हा धुमसत होतं. सूर्य तांब्याच्या घंगाळासारखा झाला. पाखरं गप्प झाली. धुरातून बिबट्या बाहेर आला आणि माझ्यापासून दहा हातांवरून, कुणाकडंही न बघता, उसाकडं चालत गेला. कुणी ओरडलंसुद्धा नाही. त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

मग धुराच्या आतून भजन ऐकू आलं.

"आबा आत हायेत!" माझा दीर ओरडला. आठ-दहा गडी आवाजाच्या रोखानं घुसले, मागोमाग मी. भजन कधी उजवीकडून यायचं, कधी अगदी कानाशी, कधी लांबून. म्हातारं माणूस एवढं पळेल कसं, असं मनात आलं आणि मी दिराचा हात मागं ओढला.

"मागं फिरा! ते मामा न्हाईत, शेळी हाय!"

"वैनी, डोकं फिरलं का तुमचं? आवाज येतोय की!"

"अवं, मीच बांधलाय! ह्या हातानं!"

मामा दुपारी कुठं आडवे होतात ते मला ठाऊक होतं. ओढ्यावरच्या कोरड्या बंधाऱ्यात, म्हणजे भजनाच्या अगदी उलट्या अंगाला. आम्ही पोचलो तेव्हा जाळ काठावर आला होता आणि मामा तोंडावर टॉवेल घेऊन गाढ झोपलेले. मी दंडाला धरून ओढलं, दिरानं पाठीवर घेतलं.

जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर येऊन बसलो. आत भजन अजून चालूच होतं. आता तिकडं कुणालाच जाता येत नव्हतं. मग ते ओळीच्या मधेच थांबलं.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. मामांनी आमची तोंडं पाहिली आणि कानामागं हात धरला.

"पोरी, वाजतंय का गं?"

"व्हय मामा," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "वाजतंय की."

"मंग शेरडं हायेत," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरायला लागले.