चारी चाकं बर्फात

टायर विकले जातात, ट्यूबा विकल्या जातात. ड्रायव्हरांच्या गोष्टी मात्र दुकानात साचतच राहतात. आमच्या कुंभकोणच्या दुकानात त्यांचा ढीग घातला तो सुब्बय्यानं. लढाईत सरकारी लॉऱ्या चालवायला तो आणि आमच्या मराठी गल्लीतला गोपाळ इटलीच्या डोंगरांत गेले. सुब्बय्या एकटाच परत आला. गोपाळ बेपत्ता, एवढंच सरकारनं कळवलं. काय झालं ते सुब्बय्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. पण गोपाळच्या आईला, तुळजाक्काला, सांगायची छाती होईना. ती दुकानावरून जाताना दिसली की हा भलतंच काही सांगत सुटायचा!

*

पहिल्या सकाळी बघतात तो सगळा डोंगर पांढरा! गोपाळ म्हणाला, "अरे, वेदारण्याचं मिठागर इथं कोणी आणून ओतलं?" अन् चिमूटभर तोंडात टाकलं.

"छे! अळणी आहे रे!"

*

चाकांना साखळ्या बांधायचा हुकूम झाला. सुब्बय्या चक्रावला. "आमच्या देवळात हत्ती पळू नये म्हणून साखळी घालतात. साहेब लॉरी पळावी म्हणून घालतो!"

*

थंडीनं इंजिन गारठून बसायचं. मग बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवावी तशी दोघं लॉरीखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायचे. साहेबानं दरडावलं, "काय चाललंय?"

गोपाळ ताठ उभा राहिला. "डिलिव्हरी, सर!"

साहेब खूश. त्याला वाटलं, माल पोचला!

*

लॉऱ्या फोर-व्हील. चारी चाकं ओढणारी, कसलाही चढ चढायच्या. उतारावर ब्रेक दाबला की मात्र चारी घसरायची.

"मग चारींचा उपयोग काय?" मी सुब्बय्याला विचारलं.

"अण्णा, चार भावांचं घर बघा. वर काढतात चौघं, अन् बुडवतातही चौघंच!"

मी हसलो. तो हसला नाही.

"गोपाळची लॉरी माझ्या पुढं होती. वळणावर वळलीच नाही."

*

वाईट बातमी नासक्या मालासारखी. ठेवाल तितकी जास्त नासते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मीच सुब्बय्याला धरून तुळजाक्काकडे नेलं. ती दारात सडा घालत होती.

सुब्बय्या मान खाली घालून तमिळीत म्हणाला, "पनीत गेला, अम्मा."

बर्फाला तमिळीत तो दुसरं काय म्हणणार? पनीच. अन् आमच्या गावात पनी म्हणजे पहाटेचं दंव.

"पनीत?" तुळजाक्का म्हणाली. "कान बांधले नव्हते का रे त्यानं?"

"नव्हते, अम्मा," सुब्बय्या म्हणाला.

"लहानपणापासून असाच. येईल. ऊन चढल्यावर पनी राहते होय?"

अन् आत जाऊन तिनं अंघोळीचं पाणी तापत ठेवलं.